दहावी विरुद्ध परग्रह : नाशकातल्या एका छोट्या सिनेमाच्या प्रकल्प नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

आज एकाच प्रश्नावर बसलो: परग्रहवासी नाशकात उतरणार कुठे? नकाशा पसरला आणि तासाभरात निम्मं नाशिक बाद झालं. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. यांतल्या कुठेही तबकडी उतरली तर लगेच बंदोबस्त लागणार, मग आमच्या चार पोरांना करायला उरतं काय? मुलांनी लढायचं तर मोठ्यांचं लक्ष जाणार नाही अशीच जागा हवी. ते का जात नाही, हे सिनेमाने दाखवायला हवं.

माझ्या मते सगळा विनोद तिथेच आहे. परग्रहवासी बावळट केले की पहिली दोन मिनिटं लोक हसतात, मग भीती जाते, आणि भीती गेली की पोरं नुसतीच धावताना दिसतात. तेव्हा ठरलं: परग्रहवासी पूर्ण गंभीर, मुलंही पूर्ण गंभीर. हसायचं ते मोठ्यांच्या तयार उत्तरांना. म्हणून मुलं दहावीची. दहावीच्या मुलाने जानेवारीत काहीही सांगितलं तरी उत्तर एकच: अभ्यास टाळायची नाटकं आहेत.

त्यांना कांद्याने पळवायचं, ही सूचना अर्थातच पहिल्या पाच मिनिटांत आली. लासलगावचा ट्रक उलटतो वगैरे. विज्ञान चुकीचं नाही. कांदा चिरला की पेशी फुटतात, आतली विकरं आणि गंधकाची संयुगं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. पण जो शेवट पोस्टर बघूनच प्रेक्षकाला सुचतो, तो शेवटाला ठेवून काय उपयोग? कांदा बाद. द्राक्षांवर चर्चाही केली नाही.

19 जानेवारी, रविवार

मुलं ठरली. तिघं नववीतली आहेत, ती दहावीची भूमिका करणार. चौथा मात्र खरंच दहावीत आहे आणि तोच हवा आहे, कारण घाबरल्यावर त्याचा आवाज चढत नाही, खाली जातो. असा नट शोधून सापडत नाही.

त्याच्या आईने चहा दिला, पोहे दिले आणि अट घातली: परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू, 17 मार्चला भूगोलाने संपणार. आजपासून भूगोलाचा पेपर होईपर्यंत त्याला फोनसुद्धा करायचा नाही. "तुमचे ते परग्रहवाले थांबतील, बोर्ड थांबत नाही." हे वाक्य संहितेत घालू का, असं विचारलं. परवानगी मिळाली.

26 जानेवारी, रविवार

शेवट सापडला. श्रेय मखरवाल्याचं.

आमची कला बाजू तो सांभाळतो. गणपतीत मखरं करतो, राहतो जुन्या नाशकात. जागेवर आमचा खल चालू असताना तो थर्माकोल कापता कापता म्हणाला, "ताई, आमच्या चौकाखाली पोकळच आहे की."

रहाड! नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जुन्या नाशकातल्या काही चौकांत पेशवेकाळापासूनचे दगडी हौद जमिनीखाली आहेत. वर्षभर वरून जाड फळ्या, त्यावर माती, त्यावरून रिक्षा आणि दुचाक्या. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा होते, फुलं-पानं उकळून केलेला रंग भरतात आणि लोक त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद, वर्षभरासाठी.

म्हणजे शहराच्या ऐन मध्यावर दगडी, अंधारी, गार खोली आहे आणि तिच्यावरून हजारो लोक रोज जातात. परग्रहवासी अंडी घालायला दुसरीकडे कशाला जातील? त्यांना फक्त एवढंच माहीत नाही की ही खोली वर्षातून एकदा उघडते. मुलांना माहीत आहे. मुदत आपोआप आली: रंगपंचमी, 19 मार्च. दहावी संपल्यावर मधे एकच दिवस.

राहिला प्रश्न रंगाने ते हरतात का. उगाच हरून चालणार नाही. रात्री उत्तर मिळालं, तेही समुद्रातून. कटलफिश आणि माकूळ यांच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात, स्नायूंनी ताणून त्या लहानमोठ्या होतात आणि प्राणी क्षणात रंग बदलतो. काही जाती एकमेकांना इशारे द्यायलाही हे वापरतात. आमचे परग्रहवासी बोलतच नाहीत, कातडीच्या रंगांनी आज्ञा देतात. रहाडीत पडले की सगळे एकाच रंगाचे. आज्ञा बंद, ओळख बंद, आपला कोण आणि नाशिककर कोण हेही कळेना. सैन्य जागेवर मोडलं.

2 फेब्रुवारी, रविवार

पोशाख. पैसे एकाच पोशाखाचे आहेत, त्यामुळे गर्दी दाखवायची तिथे कॅमेरा तिकाटण्यावर पक्का करून तोच परग्रहवासी वेगवेगळ्या जागी उभा करायचा आणि संकलनात चौकटीचे तुकडे जोडायचे. पोशाखातल्याने स्वतःलाच ओलांडून जायचं नाही, एवढं पथ्य.

अंग फोमच्या शीटचं, योगा मॅटला वापरतात तसलं. हीट गनने गरम केलं की वळतं, गार झालं की तसंच राहतं. मखरवाल्याने पहिल्याच बैठकीत खांदे असे काढले की मी दोन पावलं मागे गेले. फोमच्या वर अर्धपारदर्शक ऑर्गंझा आणि दोन्हीच्या मधे रंगीत एलईडीची पट्टी, जिच्यातला प्रत्येक दिवा वेगळा पेटवता येतो. ती चालवायला पॉलिटेक्निकचा एक मुलगा मिळाला आहे. तो फार बोलत नाही, गणित करतो. आजचं गणित: एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण 60 मिलिअँपिअर. शंभर दिवे म्हणजे 6 अँपिअर. खिशातली पॉवर बँक दोन-तीन अँपिअरच्या पुढे जात नाही. म्हणून परग्रहवासी कधीही पूर्ण पांढरा होणार नाही आणि प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा.

झालं ते बरंच झालं. पूर्ण प्रकाशात तो लग्नाच्या वरातीतला दिसत होता. मंद केल्यावर कातडीखालून काहीतरी सरकतंय असं वाटलं. दिवे बंद करून, पडदे ओढून पाहिलं. पोटाजवळ निळा उगवतो, बरगड्यांवरून वर चढतो, मानेपाशी हिरवा होऊन थबकतो. नववीतली मुलगी पहिल्यांदाच शांत बसली.

पाण्यात पट्टी नेणं शक्यच नाही. पण रहाडीत पडल्यावर त्यांचे रंग बंदच पडायचे आहेत. कथा आणि वायरिंग यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

16 फेब्रुवारी, रविवार

आज दादासाहेब फाळक्यांचा स्मृतिदिन. त्र्यंबकेश्वरी जन्म, नाशकात 16 फेब्रुवारी 1944 ला शेवट. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथूनच पश्चिमेचं आकाश टिपायला गेलो.

सूर्यास्तानंतर शुक्र असा काही झगझगत होता की वाटेने जाणारे दोघे थांबून विचारून गेले, ड्रोन आहे का म्हणून. या दिवसांत तो सर्वांत तेजस्वी आहे, फुकटचा दिवा. प्रसंग असा: मुलगी आकाशाकडे बोट दाखवते, सोसायटीतले आजोबा वर न बघता म्हणतात, "शुक्र आहे तो." आणि तो शुक्रच असतो. तबकडी त्याच्या शेजारी असते. स्टारलिंकच्या उपग्रहांची रांग लोकांनी मोबाइलवर इतकी पाहिली आहे की आकाशात ओळीने दिवे चालले तरी कोणी जेवणावरून उठत नाही. आमच्या पहिल्या पाच मिनिटांचं भांडवल हेच.

दुसरं काम घरी चालू आहे आणि तिथे फाळके खरोखर कामाला आले. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पैसे मिळावेत म्हणून त्यांनी आधी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक चौकट करून टिपलं होतं. आमची अंडी फुटतात, तिथे आम्ही मोड आलेली मटकी वापरतोय. ओल्या काळ्या फडक्यावर मटकी, अगदी जवळून, दर पाच मिनिटांनी एक फोटो. चोवीस तासांत 288 फोटो, पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी या हिशोबाने बारा सेकंद. वरून शिजवलेल्या इसबगोलाचा चिकट थर. कोंब बाहेर पडताना जो किळसवाणा वळसा घेतो तो कुठल्याही संगणकावर आम्हाला जमला नसता. खोलीची खिडकी कागदाने बंद, फोन चार्जरवर, प्रकाश आणि फोकस कुलूपबंद. दारावर पाटी: "मटकी खाऊ नये."

21 फेब्रुवारी, शुक्रवार

बोर्ड सुरू. नायक गायब.

2 मार्च, रविवार

पाण्याची टाकी फुटते तो प्रसंग. तबकडी वस्तीतल्या उंच जलकुंभामागे लपते आणि पाणी ओढते. नळ कोरडे पडतात, पण त्याचं कुणालाच नवल वाटत नाही, फक्त टँकरचा नंबर शोधतात. शेवटी ती टाकीला धडकते.

खऱ्या टाकीला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून प्रतिकृती. प्रमाण 1:25. पंधरा मीटरची टाकी 60 सेंटिमीटरची झाली: पीव्हीसी पाइपचे खांब, वर प्लॅस्टर लावलेलं घमेलं, त्यावर मखरवाल्याने काढलेल्या गळतीच्या हिरव्या रेघा आणि एका क्लासची अर्धवट फाटलेली जाहिरात. जाहिरात कोणी सांगितली नव्हती.

लहान वस्तू पडते तेव्हा ती लहान दिसते, कारण ती फार लवकर खाली पोचते. पडायचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. 25 चं वर्गमूळ 5, म्हणून सेकंदाला 24 च्या पाचपट म्हणजे 120 चौकटी टिपायच्या आणि 24 ने दाखवायच्या. हे फोनवर होतं. प्रकाश मात्र भरपूर लागतो, म्हणून गच्चीवर, भर दुपारी. मागे बांधावरची झाडं म्हणून कोथिंबिरीची जुडी.

पहिल्या पाण्याने टाकी खरी वाटली पण पाणी खोटं. थेंब एवढे मोठे की प्रत्येक थेंब फुटबॉलएवढा. थेंबाचा आकार पृष्ठताणाने ठरतो, तो आपल्या प्रमाणाला जुमानत नाही. पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण घातला, ताण कमी झाला, धार बारीक फुटायला लागली. शेवटच्या वेळी पाणी खाली येताना कडेला धुकं उठलं आणि कॅमेरावालीने नुसतं "हं" केलं. तिचं "हं" म्हणजे पेढे वाटायची वेळ.

9 मार्च, रविवार

दोन कामं.

एक: मखमलाबादकडच्या एका मळ्यात हौदाची चाचणी. उरलेल्या फोमचं जाकीट करून पोशाखातल्या मुलाला पाण्यात उतरवलं. तो बुडेना. हा फोम बंद पेशींचा, पाणी शोषत नाही, आतली हवा जात नाही. परग्रहावरून आलेला विक्राळ प्राणी पाठीवर तरंगत हौदाच्या कडेला येऊन लागला. वजनं बांधू, असं कोणीतरी म्हणालं, ते मी तिथेच थांबवलं. जिवंत माणसाला वजन बांधून पाण्यात सोडायचं नाही, सिनेमा गेला खड्ड्यात. आणि तरंगणं काय वाईट आहे? लोक त्याला पुन्हा पुन्हा धप्पा मारायला लावतील. परग्रहावरच्या सेनापतीला नाशिककर प्रेमाने बुडवतायत, तो वर येतोय, ते पुन्हा बुडवतायत. त्याला शिक्षा वाटते, त्यांना पाहुणचार.

दोन: रहाडीच्या मंडळाशी बैठक. ज्येष्ठांनी संहिता ऐकून घेतली, मधे एकदाही हसले नाहीत. मग अटी सांगितल्या. पूजा होईपर्यंत कॅमेरा पिशवीत. आमच्यासाठी गर्दी थांबणार नाही. खाली अंडी दाखवायची ती सिनेमात, पत्रिकेत छापू नका. आणि शेवटची अट: "तुमच्या त्या परग्रहवाल्यानेही अंघोळ करून यायचं." सगळ्या मान्य.

ड्रोनचा विषय आजच बंद केला. लष्करी भागाच्या आसपास परवानग्यांची रांग लागते, आणि चौकातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची गॅलरी पुरेशी उंच आहे.

18 मार्च, मंगळवार

नायक काल दुपारी भूगोलातून सुटला. आजचा दिवस का महत्त्वाचा, ते लिहून ठेवते: रहाडीचा रंग कातडीवरून लवकर उतरत नाही. उद्या धप्पा मारला की मुलं पुढचे कितीतरी दिवस रंगीत राहणार. त्यामुळे नायकाचे रंगपंचमीआधीचे सगळे प्रसंग आजच. सकाळी सहाला गोदाकाठ, मग जिना, मग सोसायटीची सभा, दुपारी क्लास, संध्याकाळी गच्ची. मधे मिसळ, तीही उभ्याने.

क्लासचा प्रसंग हा सिनेमाचा कणा, असं मी जानेवारीपासून म्हणतेय. परग्रहवासी मुलाचा माग काढत खासगी क्लासात शिरतो, रेनकोट घालून, आणि शेवटच्या बाकावर बसतो. सरांचं काम एका निवृत्त शिक्षकांनी केलं. बाकाच्या फटीत शेपूट मावेना, ते त्यांनी चित्रीकरण चालू असताना स्वतःच उचलून व्यवस्थित आत ठेवलं, जसं एखाद्याचं दप्तर सरकवावं. मग वही उघडली.

"नवीन? बरं. पहिला हप्ता भरला का?"

परग्रहवासी लाल होतो. संहितेनुसार लाल म्हणजे हल्ल्याची आज्ञा. पुढच्या बाकावरच्या नायकाला हे ठाऊक आहे, त्याचा आवाज आणखी खाली जातो: "सर, पळा."

सर चष्म्यावरून बघतात. "लाजायचं काय त्यात. महिनाअखेरीस द्या." आणि त्याच्या पुढ्यात मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांचा संच ठेवतात. "हा सोडवून आण."

संच संहितेत नव्हता. तो सरांनी घरून आणला होता. पोशाखातल्या मुलाने तीन बोटांच्या पंजाने तो घेतला, पानं उलटली, आणि पॉलिटेक्निकवाल्याने कोपऱ्यातून बटण दाबून लालचा हळूहळू पांढुरका केला. घाबरलेला परग्रहवासी! मी "कट" म्हणायला उशीर केला, कारण बघत बसले होते.

तांत्रिक: क्लासात जुन्या ट्यूबलाइट. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर 1/48 सेकंदाला ठेवलं तर चित्रावरून पट्टे सरकतात, 1/50 ला ठेवलं की जातात.

गच्चीचा शेवटचा शॉट संपला तेव्हा नायक उभ्या उभ्या झोपत होता. आईने डबा पाठवला होता, सोबत चिठ्ठी: "परग्रहवाल्यांनाही द्या." पोळ्या पुरल्या नाहीत.

19 मार्च, बुधवार. रंगपंचमी

आज फार लिहिणार नाही, फोन धरायला बोटं सुकी नाहीत.

फळ्या निघताना माती बाजूला होते तो आवाज स्वतंत्र घेतला. पूजा झाली. दोन कॅमेरे, दोन्ही प्लॅस्टिकमध्ये, तिसरा फोन काकूंच्या गॅलरीत. पोशाखाला एकच संधी, ऑर्गंझा रंगला की रंगला. परग्रहवासी काठावर उभा राहिला तेव्हा गर्दीत क्षणभर शांतता होईल, असं मी गृहीत धरलं होतं. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात शेपटीचा माणूस म्हणजे काय विशेष? एका आजोबांनी "मागे सर रे" म्हणून त्याला बाजूला केलं आणि स्वतः धप्पा मारला. तिन्ही कॅमेऱ्यांत आहे. संहितेत याच्याइतकं चांगलं काही नाही.

तो तरंगला. लोकांनी बुडवला. पुन्हा तरंगला. शेवटी दोघांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि तो हात पसरून बघत राहिला.

30 मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारून संकलनाला. मुलांना कच्चा तुकडा दाखवला. परग्रहवासी मुके असल्याने रंग बदलताना पडदा मेल्यासारखा वाटत होता. स्टीलच्या ताटात तांदूळ सोडून आवाज घेतला आणि निम्म्या वेगाने वाजवला, म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक खाली. प्रत्येक रंगाला तांदळाचा जोर वेगळा. आता तो बोलतोय असं वाटतं.

नववीतल्या मुलीचं मत: सेनापती शेवटी खुश दिसतोय, मग आपण जिंकलो कसे? बाकीच्या तिघांचं तिच्याशी भांडण झालं. तिचा मुद्दा मला पटतो, पण शॉट काढणार नाही. अंडी रिकामी असल्याचा एक शॉट आधी घालून जिंकण्याचं काम तिथेच संपवलं. मटकीची सालं वाया गेली नाहीत.

नायकाचा डावा कान अजून रंगीत आहे.

13 एप्रिल, रविवार

लांबी 26 मिनिटं पक्की. आवाजाचं मिश्रण झालं, श्रेयनामावलीत काकूंची गॅलरी आली.

पहिला खेळ मंडळाला त्यांच्याच चौकात हवा आहे, पुढच्या शनिवारी. पडदा बारा फुटी, प्रोजेक्टर ओळखीतून. अंधार साडेसातशिवाय पुरेसा पडत नाही आणि भोंगा रात्री दहाला बंद करावा लागतो. मधल्या अडीच तासांत आरामात तीन खेळ बसतात. पण मंडळाने आधी सत्कार ठेवला आहे, आणि बोलणारे किती हे विचारल्यावर ज्येष्ठ पहिल्यांदाच हसले.